कुलूप न लावण्याबाबत, आणि लोर्ना हॅडोच्या घराबाबत

मी, हेस्टर ट्रेम्बाथ, वय एक्याऐंशी, धंदा जुन्या पुस्तकांचा, राहणार माउंट कॅरो, व्हिक्टोरिया, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ताळ्यावर आहे. गुडघे नाहीत, डावा कान नाही, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे माझे वकील ऑलिफंट सांगतात. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, पंतप्रधानांचे नाव विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. मी एकावन्नापर्यंत आले तेव्हा तेच कंटाळले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे बहुतेक सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. एक भाचा मर्विन रोड्डा तेवढा उरला आहे आणि त्याचा दबाव मी लिहिते आहे त्याच्या बरोबर उलट्या दिशेने आहे.

हे सगळे मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. घरात उत्तम टंकलेखन करणारी बाई असताना म्हातारीने बोटे का झिजवावीत, असे कोणी विचारील. तर या कागदाला लोर्नाचा हात लागू नये अशी वकिलांची सूचना आहे. उद्या तिनेच लिहून घेतले म्हणायला कोणी कमी करणार नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले माझ्या बहिणीच्या नावे होते, ती वारली. दुसरे याच मार्चमध्ये केले आणि एप्रिलमध्ये चुलीत घातले. का, ते तिसऱ्या कलमात येईल.

कलम पहिले. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून श्री. ऑलिफंट यांना नेमते. माणूस भला आहे, पण घाईत असतो. मला म्हणाले, "बाई, एका पानात संपवा. जितकं लांबवाल तितकी भांडायला जागा." या एका बाबतीत मी त्यांचे ऐकलेले नाही. मी मुद्दाम लांबवणार आहे.

कलम दुसरे. मला पुरताना फार थाटमाट नको. पेटी साध्या पाइनची. लोकांना चहा, केशराचा केक आणि मांस-बटाटा भरलेली पेस्टी द्यावी. पेस्टीत सलगम असावा, गाजर घालणाऱ्याला माझ्या घरी जेवण नाही. हे सगळे बेकरीतून मागवावे, लोर्नाला त्या दिवशी ओट्याशी उभे करू नये. ती पहिल्या रांगेत बसेल. "नातं काय?" असे अंत्यविधी करणारा माणूस वहीत लिहून घ्यायला विचारील. तेव्हा तिने काही बोलू नये, ऑलिफंट यांनी हा कागद दाखवावा.

कलम तिसरे. टेकडीखालचे माझे घर, पुढच्या खोलीतल्या दुकानासह, मागची लाकडांची शेड, लिंबाचे झाड आणि गल्लीपर्यंतची जागा, हे सगळे मी लोर्ना हॅडो हिला देते. तिच्या हयातीपुरते नव्हे. कायमचे, तिच्या मालकीचे. तिला विकायचे असेल तर विकावे, जाळायचे असेल तर जाळावे. बँकेत जे असेल तेही तिचेच. त्यातून आधी छपराचे पत्रे बदलून घ्यावेत, स्वयंपाकघरात दोन ठिकाणी बादली ठेवावी लागते.

आता हे का लिहावे लागते आहे ते सांगते. गेल्या वर्षी जूनमध्ये मर्विन आला होता. मर्विन म्हणजे माझी बहीण थर्झा हिचा मुलगा. नगरपरिषदेत सभासद आहे, चर्चमध्ये मानाचा आहे, बोलायला गोड आहे. केकचे दोन तुकडे खाल्ले आणि छताकडे बघत म्हणाला, "मावशी, थकलात हो तुम्ही. हे घर आता तुम्हाला झेपत नाही. कोपऱ्यावरची जागा आहे, पेट्रोल पंपवाले विचारत होते."

मी म्हटले, "मी मेल्यावर विचारू देत."

"तेच म्हणतोय मी. तुमच्यानंतर. लोर्नाबाईंचीही काहीतरी सोय करू ना. बेंडिगोला वृद्धांसाठी खोल्या निघाल्यात, छान आहेत. भाडेकरूला एक महिन्याची सूचना पुरते कायद्याने, पण आपण दोन महिने देऊ."

लोर्ना तेव्हा त्याच्याच कपात चहा ओतत होती. तिने पूर्ण कप भरला, साखर विचारली, आणि मग मागे जाऊन बराच वेळ लाकडे फोडत राहिली. एकाहत्तर वर्षांची बाई. मला खिडकीतून कुऱ्हाडीचा आवाज येत होता आणि समोर हा केक खात होता. माझा इतका संताप झाला की बोलायला शब्द फुटेना, आणि शब्द हा माझा धंदा आहे.

बत्तीस वर्षे ती या घरात आहे. कागदोपत्री भाडेकरू. ऑलिफंट यांचे म्हणणे असे, की सगळे घर भाडेकरूला दिले तर मर्विन कोर्टात जाईल, म्हातारीचे कान भरले म्हणेल, आणि कोर्ट विचारील की का दिले? मग त्यांनी तोडगा सुचवला. 'माझी निष्ठावान घरकामवाली, तिच्या न दिलेल्या पगाराच्या बदल्यात' असे लिहावे. कायद्याच्या दृष्टीने भक्कम. मार्चमध्ये मी तसे लिहिलेही. लोर्ना म्हणाली, "चांगलं आहे. ठेव तसंच. मला छप्पर पाहिजे हेस्टर, शब्द नको." मी महिनाभर ते कपाटात ठेवले आणि मग माझ्याने राहवले नाही. बत्तीस वर्षांच्या शेवटी मी तिला मोलकरीण लिहून मरणार नाही.

मग मला दुसरी वाट सुचली, ती अशी. मृत्युपत्रावर वाद झाला की ते कोर्टात मोठ्याने वाचतात. वार्ताहर बसलेले असतात. मर्विनला घर पाहिजे आहे, पण आपल्या मावशीने काय लिहिले ते स्वतःच्या चर्चमधल्या लोकांसमोर वाचले जावे असे त्याला मुळीच नको आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखते. म्हणून आठव्या कलमात लोर्ना माझी कोण, हे इतके सरळ लिहायचे की त्याने हा कागद पुन्हा घडी घालून परत द्यावा. घराला याहून चांगले कुंपण मला माहीत नाही.

यात एकच अडचण आहे, आणि ती लहान नाही. मी तर गेलेली असेन. ज्या गावात हे वाचले जाईल त्या गावात पाव आणायला लोर्नाला जायचे आहे. दर शनिवारी चर्चमध्ये फुले लावते ती. म्हणून आठवे कलम मी लिहीन, पण तिने वाचून हो म्हटले तरच ठेवीन. नाही म्हणाली तर मुकाट्याने 'घरकामवाली' लिहीन आणि मरेन.

कलम चौथे. पुढच्या खोलीतले काचेचे कपाट, त्यातल्या सर्व पुस्तकांसह, मी आमच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या वाचनालयाला देते. अट एकच. कुलूप लावायचे नाही.

विद्यापीठाचे एक गृहस्थ हे कपाट मागायला आले होते. फार शिकलेले, फार नम्र. पुस्तके कुठे ठेवाल, असे विचारले तर म्हणाले, "तळघरात, खास विभागात. लेखी अर्ज केला की संशोधकांना बघता येतील." मी त्यांना चहा पाजून परत पाठवले. हीच पुस्तके माझ्या जन्माआधीपासून तळघरात होती. तिथून बाहेर काढता काढता माझे केस पिकले.

चार फळ्या आहेत, सगळ्या शरीरसुखावरच्या पुस्तकांच्या. सगळ्यांत वर ग्रीक आणि रोमन. त्याखाली अरबी, फारसी, संस्कृत, चिनी आणि जपानी ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे, ज्यांना आपल्याकडे उतरताना अंगभर कपडे घालावे लागले. तिसरीवर फ्रेंच. खालच्या फळीवर इंग्रज, जे सगळ्यांत जास्त दचकतात आणि सगळ्यांत जास्त चाबूक मारतात. हे शास्त्र आधी उघड्यावर होते, हे लोकांना खरे वाटत नाही. राजांच्या दरबारात वाचत, लग्नाच्या पेटीत घालून देत, देवळाच्या भिंतीवर कोरत. मग पाद्री आले, छापखाने आले, आणि छापखान्यामागे पोलीस आले. आमच्या या देशात तर बंदरावर उतरणारी पेटी उघडून सरकारी कारकून पाने चाळत बसत. काय काय बंद आहे त्याची यादीसुद्धा कित्येक वर्षे गुप्त होती. म्हणजे काय वाचायचे नाही हे विचारायचीही चोरी.

यातली निम्मी पुस्तके रटाळ आहेत, हे मी चाळीस वर्षे विकून सांगते. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेली, बाई म्हणजे खोलीतले सामान. बाई नको म्हणते म्हणजे हो म्हणते, हे त्यांनी शतकानुशतके एकमेकांचे बघून उतरवले, आणि ते खरे मानून ज्यांनी संसार केले त्यांच्या बायकांना विचारा. मला विचारू नका, माझ्या दुकानात त्या बायका रडून गेल्या आहेत. पण उरलेल्या निम्म्यांत माणसे आहेत. एकमेकांची वाट बघणारी, लाजणारी, म्हातारपणी पाठ चोळून देणारी. दुसऱ्याला काय आवडते ते आधी विचारावे, असे फार जुन्या काळी कोणीतरी शांतपणे लिहून ठेवले आहे आणि अजून बहुतेकांच्या वाचनात आलेले नाही.

बंदी उठली तेव्हा मला वाटले, आता दुकानापुढे रांग लागेल. कसली रांग! दोन वर्षांत गिऱ्हाईक आटले. पेट्रोल पंपावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मासिके मिळायला लागली, त्यांत वाचायचे काही नसते, ते लोकांना बरे पडते. चोरून वाचणारे निदान शेवटपर्यंत तरी वाचत. मी आता या सगळ्याला थकले आहे. तरी कपाट उघडे राहावे. कोणी येईल, कोणी नाही येणार. वाचनालयाने कुलूप लावले, किंवा 'फक्त अर्जावर' अशी पाटी लावली, तर त्याच दिवशी सगळी पुस्तके सैनिकांच्या मदतीसाठी चालणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात नेऊन टोपलीत टाकावीत. तिथे निदान ती कोणाच्या तरी हाताला लागतील.

कलम पाचवे. पुस्तकांच्या आत ज्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत त्या काढू नयेत. त्यांच्याबद्दल लिहिणे भाग आहे, कारण लोर्ना त्यांच्यामुळे आली.

मी आधी मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवत असे. मंदीत शाळा बंद पडली तेव्हा वडिलांच्या याच घरात दुकान मांडले. तेव्हा लक्षात आले, की पूर्वेकडच्या ग्रंथांचे भाषांतर करणारे इंग्रज गृहस्थ मजेशीर होते. जेवण, लढाई, राजाचा मृत्यू, सगळे इंग्रजीत. पलंग आला की लॅटिन सुरू. पलंगावरून उतरले की पुन्हा इंग्रजी. कारण लॅटिन येणार साहेब लोकांना, आणि साहेब बिघडत नाहीत. बायका, कारकून, खाणीतले गडी बिघडतात. मी चिडले. मग प्रत्येक लॅटिन उताऱ्याचे साध्या इंग्रजीत भाषांतर करून पातळ कागदावर टाइप करायला लागले, आणि आतल्या कडेला कणकेच्या खळीने डकवायला लागले. पान चाळले तर दिसत नाही, वाचायला बसले तरच सापडते.

जेलबार्ट नावाच्या मेंढपाळाची बायको येई. पहिल्यांदा आली ती "नवऱ्याच्या पाठदुखीवर काही पुस्तक आहे का हो?" असे विचारत. मी तिला काय द्यायचे ते दिले. महिन्याने अंडी घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, लग्नाला अकरा वर्षं झाली आमच्या. आम्ही पहिल्याच प्रकरणात अडकून पडलो होतो. परवा दुसरं वाचून दाखवलं, तर काल गडी मेंढ्या कातरायला दुपारी गेला!" साहित्याचा समाजावर परिणाम काय, यावर मोठमोठे ग्रंथ निघाले आहेत. माझ्याकडे अंडी आली.

मग एकोणपन्नास साली धाड पडली. माझ्या बहिणीनेच पोलिसात कळवले. थर्झाने हवालदार टलक याला सांगितले, "घाण सगळी लॅटिनमध्ये असते. लॅटिन दिसलं की उचला." टलकने शब्दशः तसेच केले. घरात जे जे लॅटिनमध्ये होते ते सगळे गाडीत भरले. शाळेची व्याकरणे, डॉक्टरांची वनस्पतींवरची पुस्तके, एका रोमन शेतकऱ्याचा द्राक्षांवरचा ग्रंथ, आणि फादर हॅनरहन यांचे प्रार्थनेचे पुस्तक, जे माझ्याकडे बांधणीला आले होते. काचेच्या कपाटाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तिथे वरून सगळे इंग्रजी दिसत होते ना.

कोर्टात दंडाधिकाऱ्यांनी विचारले, "यात अश्लील काय आहे?"

टलक म्हणाला, "साहेब, लॅटिन आहे."

"ते दिसतंय. पण आहे काय त्यात?"

टलकला काय ठाऊक! गावात लॅटिन येणारे दोघेच. फादर हॅनरहन यांनी साफ नकार दिला, त्यांचेच पुस्तक पुराव्यात पडले होते, आणि ते संतापाने लालबुंद झाले होते. उरले मी. दंडाधिकारी वैतागून म्हणाले, "मग आरोपीनंच वाचून अर्थ सांगावा." मी उभी राहिले आणि द्राक्षांचे पुस्तक उघडले. वेल कशी छाटावी, कलम कुठे बांधावे, मुळाशी शेण किती घालावे, सगळे सावकाश वाचले. टलकच्या मानेवर घाम आला होता, बिचाऱ्याला प्रत्येक वाक्यात काहीतरी दडलेले वाटत होते. मागच्या बाकावर बायका रुमाल तोंडावर धरून बसल्या होत्या. शेवटी दंडाधिकारी म्हणाले, "पुरे, पुरे. मला फक्त भूक लागली आहे हे ऐकून." खटला निकाली.

बाहेर पायऱ्यांवर फादर माझ्याजवळ आले. म्हणाले, "ट्रेम्बाथबाई, माझं पुस्तक बांधून द्या परत. पण आत काही चिकटवू नका."

कोर्टात लघुलिपीत सगळे उतरवून घेणारी एक बाई होती, उंच, राखाडी कोट, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. पुढच्या गुरुवारी ती दुकानात आली. छत्री दाराशी ठेवली, हातमोजे काढले आणि म्हणाली, "ते द्राक्षांचं झालं. उरलेलं कुठे आहे?" ती लोर्ना.

कलम सहावे. बांधणीची हत्यारे, म्हणजे दाबयंत्र, हाडाची पट्टी, आऱ्या, सुया, खळीचे भांडे आणि उरलेले कातडे, ही त्या जेलबार्टबाईंची धाकटी मुलगी एडिथ हिला द्यावीत. तिचा हात चांगला आहे. दाबयंत्राचा स्क्रू डावीकडे अडतो, तेल द्यावे लागते, हातोडी मारू नये.

कलम सातवे. बहिणीबद्दल. थर्झाने नंतर कधी माफी मागितली नाही आणि मीही मागायला सांगितले नाही. अठरा वर्षे आम्ही एकाच गावात रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललो. ती आजारी पडली तेव्हा लोर्ना रोज रस्सा घेऊन जायची. मला म्हणायची, "तू नको येऊस, तू भांडशील." थर्झा तिला 'ती भाडेकरू' म्हणत रस्सा प्यायची. शेवटच्या आठवड्यात मात्र म्हणाली, असे लोर्ना सांगते, "हेस्टरला सांग, मला भीती वाटत होती तिची. तिला कशाचीच लाज वाटायची नाही." मी हे ऐकून खूप रडले. लाज मला पुष्कळ वाटत होती, तिला कधी दिसली नाही.

मर्विनला मी वडिलांचे चांदीचे घड्याळ देते. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तो त्याला किल्ली द्यायचा आणि मोजायचा. तेव्हा मला फार आवडायचा तो. अजूनही पूर्ण आवडेनासा झालेला नाही, त्यालाच घराचे भूत लागले आहे. घड्याळ घ्यावे आणि कोर्टात जाऊ नये. गेलाच, तर पुढचे कलम मोठ्याने वाचले जाईल.

कलम आठवे. लोर्ना हॅडो माझी भाडेकरू नाही. तिने कधी भाडे दिले नाही, मी मागितले नाही. ती माझी मोलकरीणही नाही. भांडी मी घासते, ती पुसते. दुकानातल्या पुस्तकांत 'मैत्रीण' हा शब्द पुष्कळदा येतो आणि त्या शब्दाआड पुष्कळ काही झाकलेले असते, तसे मी काही झाकणार नाही. माझ्या शयनगृहात एकच पलंग आहे. दुसऱ्या खोलीतला पलंग लोकांना दाखवायचा आहे, त्याच्यावर कोणी झोपलेले नाही, त्याची गादी अजून नवी आहे. हे कोर्टाला तपासायचे असेल तर तपासावे.

लोर्नाच्या डाव्या खांद्यामागे तीळ आहे. तिला थंडीत पाय गरम लागतात, आणि ते ती माझ्या पोटऱ्यांना लावून झोपते, बत्तीस वर्षे. तिच्या मानेला अजून लॅव्हेंडरच्या साबणाचा वास येतो आणि मला या वयातही तिथे नाक ठेवावेसे वाटते. तरुणपणी आम्ही दुकानाचे दार लावून त्या चिठ्ठ्या एकमेकींना वाचून दाखवत असू, हसत असू, आणि मग हसणे थांबत असे. पुढचे मी लिहीत नाही, लाजून नाही, आमचे आहे म्हणून. जगातल्या सगळ्या देशांनी शरीराच्या सुखावर जे लिहिले ते मी वाचले आहे, त्यातले बहुतेक विकलेही आहे. आम्हा दोघींसारखे त्यात फार थोडे सापडले, आणि जे सापडले तेही बहुधा कोणा पुरुषाने दाराच्या फटीतून बघून लिहिलेले. म्हणून हे आतल्या माणसाने लिहिलेले एक पान मागे ठेवते. माझे तिच्यावर प्रेम आहे. तिला भाडेकरू म्हणण्यात माझे आयुष्य गेले, आता दमले.

हे सुरू कसे झाले, तेही नोंदवते. एकोणीसशे एकोणपन्नासचा जुलै, आमचा हिवाळा, बाहेर गारठा. लोर्ना पुस्तक परत करायला आली होती, निघाली, कोट घातला. मी तिला म्हटले, "आज जाऊ नकोस." ती थांबली. तेव्हापासून ती इथे आहे.

दुरुस्ती. वरचे कलम मी रविवारी दुपारी लोर्नाला वाचायला दिले. कागदाला तिचा हात लागू नये म्हणून मी तो टेबलावर पसरून धरला आणि ती चुलीपाशी बटाटे सोलायची थांबून, चष्मा पुसून, वाकून वाचत राहिली. फार सावकाश वाचले तिने. नाही म्हणेल याची मनाची तयारी करून बसले होते मी. तिची फुले, तिचा शनिवार, बेकरीतल्या बायका, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

वाचून झाल्यावर म्हणाली, "हे असं ठेवता येणार नाही."

मी म्हटले, "बरं. 'घरकामवाली' लिहिते."

"ते कुठे म्हटलं मी? यात चूक आहे, असं म्हणतेय."

"कुठे?"

"शेवटी. तू म्हणे मला म्हणालीस, आज जाऊ नकोस! तू? अगं, तू पाठ करून उभी होतीस आणि एकच कप तासभर पुसत होतीस. जगभरचं वाचून बसलेली बाई, तोंडातून शब्द निघेना. मी कोट घातला, दारापर्यंत गेले, परत आले. मी म्हणाले, 'मी आज जात नाही.' तू काही बोललीच नाहीस. कप खाली पडला तुझ्या हातून."

मी म्हटले, "लोर्ना, हे कोर्टात वाचलं जाईल. सगळ्या गावासमोर. तुझ्या नावानं."

"म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली. "आयुष्यभर कोर्टात बसून दुसऱ्यांचं खरं लिहून घेतलं मी. माझं वाचणार असतील तर चुकीचं नको वाचायला."

आणि ती परत बटाटे सोलायला लागली. सोलता सोलता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ती ते पुसत नव्हती.

तरी आठव्या कलमातली शेवटची तीन वाक्ये रद्द समजून त्याऐवजी असे वाचावे: 'मी तिला काही म्हटले नाही, माझी हिंमत झाली नाही. लोर्ना दारातून परत आली आणि म्हणाली, "मी आज जात नाही." तेव्हापासून ती इथे आहे.' या दुरुस्तीसह आठवे कलम लोर्ना हिच्या संमतीने कायम.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली, आणि त्यांनी माझ्या समक्ष केली. दुरुस्तीच्या शेजारी तिघांची आद्याक्षरे आहेत. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही आणि खोलीतही नसलेले बरे, असे ऑलिफंट म्हणाले. म्हणून सह्या होत असताना लोर्ना हॅडो मागच्या अंगणात लाकडे आत घेत होती.

(सही) हेस्टर ट्रेम्बाथ

साक्षीदार:
१. (सही) स्टॅनली पॅस्को, खाटीक, माउंट कॅरो
२. (सही) बेरिल नूनन, परिचारिका, माउंट कॅरो

स्थळ: माउंट कॅरो, व्हिक्टोरिया
दिनांक: १९ ऑगस्ट १९८१